माळ्यावरच्या पाकोळ्या आणि काकांचा नवस

मी पाकोळ्यांच्या, म्हणजे छोट्या वटवाघळांच्या, लेंड्या गोळा करते. पगार घेऊन करते आणि मला हे काम मनापासून आवडतं. हल्ली मी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकते, कारण नुसतं "रिसर्चमध्ये आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटी समोरची बाई आपली प्लेट हळूच स्वतःकडे ओढून घेते. कोविडच्या साथीनंतर टोरांटोजवळच्या वॉनमधल्या एका मराठी घरी जेवायला बोलावणं होतं. यजमानीणबाईंनी हसतहसत मला कागदी प्लेट दिली. बाकी सगळ्यांना स्टीलची ताटं होती. मी ती प्लेट घेतली, भात दोनदा वाढून घेतला आणि निघताना एकूण एक माणसाला मिठी मारून आले.

मोठ्या वटवाघळांशी माझा संबंध नाही. माझ्या आहेत त्या लहान तपकिरी पाकोळ्या. एकीचं वजन दोन चमचे साखरेइतकं. तिची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, पण तेवढ्यात तिने खाल्लेले किडे सापडतात आणि ती स्वतःही सापडते. जात कोणती, नर की मादी, आणि आईकडून मुलीकडे चालत आलेला वंश कोणता, हे सगळं त्या दाण्यातल्या डीएनएवरून कळतं. प्राण्याला धरावं लागत नाही, त्याची झोपमोड होत नाही. आमच्या लॅबमध्ये कॅरिबू हरणांची लीद येते, लिंक्स ह्या रानमांजरांचे काटेरी तारेला अडकलेले केस येतात, पण माझं टेबल पाकोळ्यांचं. ते मी कुणाला देत नाही.

कारण ह्या पाकोळ्या मरणाच्या दारातून परत आलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एक पांढरी बुरशी इथल्या गुहांमध्ये आणि जुन्या खाणींमध्ये शिरली. हिवाळाभर तिथे पाकोळ्या निजतात. बुरशी त्यांच्या नाकावर, पंखांवर चढते, त्यांना पुन्हा पुन्हा जागं करते, आणि साठवलेली चरबी वसंत येण्याआधीच जळून जाते. उपाशी पाकोळ्या बर्फात बाहेर उडायच्या आणि तिथेच पडायच्या. जिथे भिंती भरलेल्या असायच्या तिथे नुसता दगड उरला. तरी काही वाचल्या. का वाचल्या, त्यांच्या रक्तात असं काय होतं, हे आम्ही शोधतो. म्हणून वाचलेल्यांची एकेक वसाहत आमच्यासाठी लाखमोलाची.

आता माझ्या माणसांबद्दल. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. टोरांटोत आम्ही मूठभर. आमच्यातले जुने लोक अजूनही सिनेगॉगला मशीद म्हणतात, आणि ते ऐकून इथले बाकीचे ज्यू गोंधळतात, बाकीचे मराठीही गोंधळतात. "तुम्ही मराठी? मग ज्यू कसे?" आणि "तुम्ही ज्यू? मग मराठी कसे?" हे दोन प्रश्न मी जन्मभर ऐकत आले आहे. वर्षानुवर्षं आम्ही सण केले ते दुसऱ्यांच्या जागेत, शाळेच्या जिममध्ये, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये. मग वॉनच्याही उत्तरेला, गोदामं संपून शेतं सुरू होतात तिथे, एक जुनं लाकडी चर्च विकायला निघालं आणि काकांनी सगळ्यांच्या मागे लागून ते घ्यायला लावलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. अलिबागकडचा जन्म, मुंबईत नोकरी, इथे येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, आणि वडील गेल्यापासून माझ्यावर ओरडायचा हक्क असलेला एकमेव माणूस. चर्च घेतलं त्याच हिवाळ्यात काकीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती आत असताना काकांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नवस बोलला: ही बरी होऊन घरी आली तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन, आणि तो आपल्या स्वतःच्या जागेत करीन. आमच्यात नवस फेडायचा तो मलिद्याने. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं रचलेलं ताट, आणि आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घेऊन गायलेली प्रार्थना. काकी बरी झाली. जूनअखेरचा रविवार ठरला. कोकणातून आलेल्या आमच्या इवल्याशा जमातीचा कॅनडातल्या स्वतःच्या छपराखालचा हा पहिला मलिदा होणार होता. काका लहान मुलासारखे हरखले होते.

आणि त्या छपरात पाकोळ्या होत्या.

रंगकाम करायला गेलेल्यांना आधी वास आला, मग माळ्याच्या फळ्यांवर लेंड्यांचा थर दिसला. काकांनी मला फोन केला तो पाकोळ्यांची तज्ज्ञ म्हणून नव्हे. "तू तुझ्या लॅबमधून काही स्प्रे आणू शकतेस का?" असं त्यांनी विचारलं. मी गेले, शिडी चढले, लाल दिव्याच्या टॉर्चने बघितलं. तुळईच्या खाचेत आया दाटीवाटीने लटकलेल्या होत्या, आणि एकेकीच्या पोटाशी गुलाबी, केस न फुटलेलं पिल्लू. वर्षाला एकच पिल्लू होतं त्यांना. मी तिथे शिडीवर उभी राहून अक्षरशः हसत सुटले. खाली काका विचारत होते, "काय झालं? चावली का?"

मी खाली येऊन सांगितलं की जुलैअखेरपर्यंत कुठलंही भोक बुजवायचं नाही. पिल्लांना अजून उडता येत नाही. आया संध्याकाळी किडे खायला बाहेर पडतील आणि परत येऊन बघतील तर दार बंद. बाहेर आया फळ्यांवर आपटत राहतील आणि आत पिल्लं भुकेने मरतील. ऑगस्टमध्ये सगळं खानदान आपणच निघून जाईल, तेव्हा काय ते करा.

"ऑगस्ट?" काका म्हणाले. "आणि मलिदा?"

त्यांनी आधीच एक कॉन्ट्रॅक्टर बोलावून ठेवला होता. तो माणूस आला, वर एक नजर टाकली आणि म्हणाला, "इट्स जस्ट बिग ब्राऊन्स, मॅम. कॉमन ॲज माइस." म्हणजे मोठ्या तपकिरी पाकोळ्या, ज्या इथे सगळीकडे आहेत आणि ज्यांना बुरशीने फारसं छळलेलं नाही. माझी लहान जात मात्र कॅनडात धोक्यात आलेल्यांमध्ये धरली जाते आणि तिच्या घराला हात लावायला बंदी आहे. त्याला हा फरक पक्का ठाऊक होता. मोठी म्हटलं की काम मिळत होतं. काका मला म्हणाले, "बघ, तो एक्स्पर्ट सांगतोय."

तो एक्स्पर्ट. आणि मी कोण, भाजी आणायला आलेली? माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. माळ्यावर कागद अंथरला, दुसऱ्या दिवशी ताज्या लेंड्या चिमट्याने एकेक उचलून वेगवेगळ्या नळ्यांत भरल्या आणि लॅबमध्ये गेले. निकाल माझ्या मनासारखा आला: सगळ्या लहान तपकिरी. पण पुढचं मला अपेक्षित नव्हतं. आमच्या फ्रीझरमध्ये बुरशी येण्याआधीचे जुने नमुने आहेत, कुणीतरी त्याच गावातल्या कोठारांमधून जमवलेले. मी सहज ताडून पाहिलं. आईकडचा वंश तोच होता. माळ्यावर आज लटकलेल्या आया ह्या त्याच जुन्या आयांच्या लेकी, नाती, पणत्या. बाकी सगळं उद्ध्वस्त होत असताना ह्या बायकांनी आपल्या आईचं गाव सोडलं नव्हतं. मी खुर्चीत बसून रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

शनिवारी आमचा शब्बाथ, त्या दिवशी असली कामं करत नाहीत, म्हणून काकांनी मीटिंग रविवारी दुपारी ठेवली, चर्चच्या बेसमेंटमध्ये. आमची घरं सगळी आली होती. सुरुवातीला गंमतच चालली होती. काका धर्मग्रंथाचा दाखला देत म्हणाले, "तोरात स्पष्ट लिहिलंय, वाघूळ अपवित्र."

"खायला अपवित्र, काका. मी खात नाहीये."

मागून कुणीतरी म्हणालं, "पण स्मेल तर येतोच ना! गेस्ट्स येणार, फोटो काढणार, वरून काही पडलं तर?"

मी म्हटलं, "तोराच सांगते ना, पिल्लं घेताना आईला हात लावायचा नाही?"

"आईला आधी सोडून दे, असं सांगते," काका म्हणाले. "आम्हीही आईला बाहेरच ठेवतोय." सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि हसल्याबद्दल स्वतःवर चिडले.

मग मी माझं हुकमी पान काढलं. लॅपटॉप जोडला आणि भिंतीवर तो वंशवृक्ष दाखवला. एका फांदीवर जुन्या आया, त्याच फांदीवर आमच्या माळ्यावरच्या. मला वाटत होतं, ह्याच्यापुढे कुणाचंच काही चालणार नाही. मी म्हटलं, "ह्या उपऱ्या नाहीत. ह्या इथल्या मूळच्या आहेत. आईची आई, तिची आई, सगळ्या इथल्याच. डीएनएने सिद्ध झालंय. म्हणून त्यांना इथे राहायचा हक्क आहे."

मला वाटलं, जिंकले. मग मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"आणि नसतं सिद्ध झालं तर?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुझ्या त्या झाडावर ह्यांचं नाव नसतं आलं, तर? बुजवून टाकू दिलं असतंस?"

"नाही! पिल्लं कुणाचीही असोत..."

"मग हे झाड आम्हाला कशाला दाखवतेस, बाय?"

मी म्हटलं, "काका, ते कायद्याला लागतं. मला नाही लागत."

तिथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये एक हालचाल झाली. काका उभे राहिले. आवाज चढवला नाही. "माझी बहीण," ते म्हणाले, "तुझी आत्या. परदेशात लग्न नोंदवायला गेली, आपल्याच धर्माच्या लोकांच्या कचेरीत. टेबलामागच्या माणसाने विचारलं, तुझ्या आईची आई कोण, तिची आई कोण, ती खरी ज्यू होती कशावरून. मी शेजारी उभा होतो. पोरगा होतो. तो माणूस वाईट नव्हता. तो काय म्हणाला माहीत आहे? नियमाला लागतं, मला नाही लागत."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच ती सांगत नसे. आत्याचं लग्न मोडलं, ती मुंबईला परत आली, पुन्हा तिने कुणाशी तो विषय काढला नाही, एवढंच मला ठाऊक होतं. नंतर कधीतरी शास्त्रज्ञही आले होते आमच्या लोकांची रक्तं न्यायला, आम्ही खरे की खोटे ते बघायला. आणि आज मी, ह्याच लोकांची मुलगी, त्यांच्यासमोर भिंतीवर आईचा वंश लावून सांगत होते की पुरावा आहे म्हणून ह्यांना राहू द्या. दुसऱ्या कुठल्याही हॉलमध्ये ते पान चाललं असतं.

पण मी लॅपटॉप मिटला नाही. शरम वाटली तरी मी मागे हटणाऱ्यांतली नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. हे झाड विसरा. मी चुकीचं बोलले. पण उद्या तो माणूस शिडी घेऊन आला, तर मी सरकारी खात्याला फोन करणार. आजच सांगून ठेवते, नंतर पाठीमागून केलं असं नको व्हायला."

"आपल्या माणसांची तक्रार करणार?" कुणीतरी ओरडलं. "आपल्याच मशिदीची?"

"करणार."

"काकी बरी झाली म्हणून मलिदा आहे, विसरलीस?"

"विसरले नाही. तरी करणार."

मला वाटलं, संपलं. आता ह्या लोकांत मला जागा नाही. पण पाय जमिनीत रुतल्यासारखे उभे होते आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता. तेव्हा काकी बोलली. ती खुर्चीत शाल घेऊन बसली होती, ऑपरेशननंतर तिचा आवाज बारीक झाला होता, म्हणून सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"अहो," ती काकांना म्हणाली, "जीव कुणाचा वाचला? माझा ना? मग मला कुणीच का विचारत नाही? डोक्यावर कुणाची तरी पोरं तडफडून मरतायत आणि खाली मी मलिदा खातेय, हे मला जमायचं नाही. मी तोंडात घालणार नाही."

"अगं, पण नवस आपल्या जागेत करायचा बोललोय."

"मग बाहेरचं पार्किंग कुणाचं आहे? ते आपलं नाही? आणि खंडाळ्याला टाप्यावर मलिदा करतात, तिथे काय छप्पर घातलंय?"

अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे. एलियाहू हन्नाबी तिथे उतरले होते आणि त्यांच्या घोड्याच्या टापेची खूण तिथे आहे, अशी आमच्या लोकांची श्रद्धा. तिथला मलिदा उघड्यावरच होतो. काकांनी तिथे लहानपणापासून ताटं वाहिलेली. ते काकीला म्हणाले, "पाऊस आला तर?"

"आला तर भिजू," काकी म्हणाली.

मलिदा पार्किंगमध्ये झाला. फोल्डिंग टेबलांवर पांढऱ्या चादरी, डासांसाठी जागोजागी उदबत्त्या, गाड्या रस्त्यापलीकडे शेताच्या कडेला. आमची पोरं "व्हाय आर वी आऊटसाइड?" विचारत होती आणि कुणी त्यांना नीट उत्तर देत नव्हतं. काकांचा आवाज उघड्यावर लांबवर जात होता. प्रार्थना संपत आली तेव्हा सूर्य मावळला होता, आणि छपराच्या टोकाखालच्या फटीतून आया बाहेर पडू लागल्या, एक, मग एक, मग धार लागल्यासारख्या. बायकांनी डोक्यावर पदर आणि ओढण्या ओढल्या. कुणी पळालं नाही. मला कागदी प्लेट मिळाली, पण त्या दिवशी सगळ्यांनाच कागदी होत्या. काका माझ्याशी बोलले नाहीत. काकीने मला दोनदा वाढलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला पिल्लं उडायला लागली आणि मी माझं खरं काम घेऊन गेले. लेंडीवरून वंश कळतो, पण त्या बुरशीतून का वाचल्या, हे कळायला ताजा, भरपूर डीएनए लागतो. त्यासाठी संध्याकाळी बारीक जाळं लावून पाकोळी धरायची, पंखाच्या पडद्याचा मसुराच्या डाळीएवढा तुकडा घ्यायचा आणि तिला सोडून द्यायचं. माझ्याकडे सगळे परवाने होते. एकच परवानगी उरली होती, जागेच्या मालकाची. काका पायरीवर बसले होते. मलिद्यानंतर पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर आलो होतो.

"नाही," मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले.

मी समजावलं. मग भांडले. सांगितलं की ह्या तुकड्यांतून उद्या दुसऱ्या वसाहती वाचवता येतील, मी काही कुणाला खरं-खोटं ठरवायला आलेली नाही. ते ऐकून घेत होते. मला राग आला होता, आणि आजही आहे. मी बरोबर होते, हे मी आजही म्हणते.

"राहू देत त्यांना," काका म्हणाले. "दर वर्षी येऊ देत. मी भोक बुजवणार नाही, मी मेल्यावरही कुणी बुजवणार नाही, तसं लिहून ठेवीन. पण ह्या जागेत कुणाकडून काही कापून घ्यायचं नाही."

"काका, एवढंसं भोक पडतं. काही आठवड्यांत भरून येतं. मागमूसही राहत नाही."

ते माझ्या हातातल्या जाळ्याकडे बघत होते. "तुझ्या आत्याचंही भरून आलं," ते म्हणाले, "असंच सगळे म्हणतात."

मी जाळं गाडीत टाकलं. परतीच्या रस्त्यावर त्यांना एकटीच मोठ्याने बोलत होते, सगळी उत्तरं देत होते, आणि एकही पुरं होत नव्हतं.

सोमवारी लॅबमध्ये माझ्या प्रोफेसरबाईंनी त्या वसाहतीचे नमुने मागितले. मिळाले नाहीत, मालकाने नकार दिला, असं मी सांगितलं. त्या वैतागल्या. एवढी चांगली वसाहत, एवढा जुना वंश, पुन्हा विचार म्हणाल्या, मी बोलू का त्यांच्याशी म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "विदाउट सॅम्पल्स, हाऊ डू वी प्रूव्ह दे मेड इट?"

"दे आर देअर," मी म्हटलं. "गो अँड लुक."